गिअरची जागा सांगणारा सेन्सर

ऑटोमॅटिक गाडीची चावी फिरवली, डॅशबोर्डवर दिवे लागले, पण सेल्फ काही लागत नाही. लिव्हर ‘पी’वरून ‘एन’वर घेतला की तीच गाडी पटकन सुरू होते. इथे जाणता मेकॅनिक स्टार्टर सोडून गिअर पोझिशन सेन्सरकडे वळतो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर गिअरबॉक्सच्या अंगाला, सिलेक्टर शाफ्टवर बसवलेला असतो. लिव्हरच्या केबलने शाफ्ट फिरतो आणि पी, आर, एन, डी यांपैकी कोणती जागा निवडली हे सेन्सर कंट्रोल युनिटला कळवतो. रिव्हर्सचे दिवे त्याच्याच इशाऱ्यावर लागतात. गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागू न देणं, हे त्याचं सर्वांत मोलाचं काम. अमेरिकेत ही सोय १९६८ पासून कायद्याने सक्तीची आहे. म्हणूनच दोन वायरी जोडून सेन्सर ‘बायपास’ करणं मला अक्षम्य वाटतं. गाडी गिअरमध्येच सुरू झाली, तर समोर उभ्या माणसाच्या जिवावर बेतेल.

बिघाड झाला की स्कॅनर पी०७०५ ते पी०७०८ यांपैकी एखादा कोड दाखवतो, आणि पुष्कळ गॅरेजांत लगेच नवा सेन्सर मागवला जातो. पण कोड दोष दाखवतो तो संपूर्ण सर्किटचा. त्यात केबल, कपलर, वायरिंग, अर्थिंग सगळं आलं. म्हणून आधी बॅटरीचा व्होल्टेज बघावा. मग चाकांना ठोकळे लावून, ब्रेक दाबून, लिव्हर एकेका जागेवर सावकाश न्यावा आणि स्कॅनरवरचा लाइव्ह डेटा त्याच्याशी ताडून पाहावा. प्रत्येक जागी आकडा सारखाच सरकलेला दिसला, तर केबलची किंवा सेन्सरची जुळणी हललेली असण्याची शक्यता मोठी. अनेक मॉडेलांत लिव्हर ‘एन’मध्ये ठेवून, सेन्सरचे बोल्ट सैल करून खूण जुळवली की काम होतं. वाचन मधेच उडत असेल, तर वायरिंग हलवून पाहावं, कपलर उघडावा. पावसाळ्यानंतर तिथे पाणी किंवा पिनांवर हिरवा गंज हमखास सापडतो. सप्लाय आणि अर्थ मल्टिमीटरवर ठीक असूनही सेन्सर चुकीचंच सांगत असेल, तेव्हाच तो बदलावा.

आपल्याकडच्या एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) गाड्यांची रचना वेगळी. बहुतेकींत ‘पी’ नसतोच, त्यामुळे त्यांना ही तपासणी जशीच्या तशी लावू नये.

नव्या सेन्सरचे पैसे देण्याआधी मेकॅनिककडून लाइव्ह डेटा आणि उघडलेला कपलर स्वतः बघून घ्या.