बेरीज बरोबर, हिशेब चूक

कॉलेजात जाणाऱ्या मुलांना संगणक येतो का, असे विचारले की हल्ली घरोघरी एकच उत्तर मिळते, 'अहो, बोटे कशी भराभर चालतात!' बोटे चालतात हे मान्य. पण पडद्यावर आलेला आकडा खरा कशावरून, हे विचारायला त्यांना कुणी शिकवले आहे का?

अमेरिकेत ॲम्हर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या एका वर्गाची हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गृहपाठ मिळाला : प्रसिद्ध झालेला एखादा शोधनिबंध घ्या आणि त्यातले आकडे स्वतः पुन्हा काढून दाखवा. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० सालचा गाजलेला निबंध निवडला. दोघेही तेव्हा हार्वर्डमधले नामवंत. सरकारी कर्ज देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की विकासदर सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येतो, असे त्यात म्हटले होते. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणारे राजकारणी त्याचा हवाला देत.

हर्नडनचे उत्तर काही केल्या जुळेना. त्याने लेखकांना लिहिले. त्यांनी मूळ एक्सेलची फाइल पाठवली. पाहतो तर सरासरीच्या सूत्रात वीसऐवजी पंधराच देश! ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क सुटलेले. गंमत अशी, की ही चूक त्या मानाने किरकोळ होती. न्यूझीलंडची काही वर्षे गाळल्यामुळे त्याचे १९५१ हे एकच वर्ष उरले होते आणि त्याला ब्रिटनच्या १९ वर्षांइतकेच वजन मिळाले होते. हर्नडन व त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये दुरुस्त सरासरी मांडली : २.२ टक्के. सूत्रातली चूक मूळ लेखकांनी मान्य केली. वजन देण्याच्या पद्धतीचे मात्र त्यांनी समर्थन केले.

माझी बँकेतली उमेदवारी जाडजूड लेजरांवर झाली. नोंद एकाने करायची, तपासणी दुसऱ्याने, हा तिथला नियम. तपासणारा बेरीज तर पाहीच, पण व्हाउचर हातात घेऊन 'हा आकडा आला कुठून?' असेही विचारी. एक्सेलची बेरीज बरोबरच येते. कुठल्या ओळी घ्यायच्या, कुणाला किती वजन द्यायचे, हे सांगणाऱ्याने सांगायचे असते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता सूत्रही लिहून देते. मग तपासणाऱ्याची गरज वाढली की कमी झाली?

आपल्या कॉलेजांतही असा गृहपाठ देता येईल. सूत्रे घोकून घेण्यापेक्षा मुद्दाम चूक पेरलेला एखादा तक्ता मुलांपुढे ठेवावा. ती शोधता शोधता सूत्र कळेल आणि मोठ्या नावाला न बिचकता ओळी मोजण्याची सवयही लागेल.