गाडीमागची ट्रॉली आणि तिचा जोड
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मागच्या आठवड्यात एका बचत गटाची चिठ्ठी आली. गटातल्या एका ताईंच्या घरी सात माणसांची गाडी आहे. गट मसाले, पापड, कुरडया करतो आणि आठवडी बाजाराला नेतो. माल आता गाडीत मावत नाही. गाडीमागे छोटी दोन चाकी ट्रॉली जोडावी असं त्यांच्या मनात आहे. गॅरेजवाला म्हणतो, "बंपरखाली हूक वेल्डिंग करून देतो, तासाभराचं काम." ताई विचारतात, करावं का?

माझं उत्तर आधीच सांगते. वेल्डिंगचा हूक लावू नका. का लावू नये आणि लावायचंच झालं तर काय लावावं, ते आज बोलू.

मी लालबागची. आमच्याकडे ओढायच्या वजनाची धास्ती सगळ्यांना ठाऊक असते. लालबागचा राजा १९३४ पासून बसतो. अनंत चतुर्दशीला सकाळी निघतो आणि गिरगाव चौपाटीला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. एवढी मोठी मूर्ती चाकांवर जाते. बघणारे मूर्तीकडे बघतात, पण कार्यकर्त्यांची नजर चाकांवर आणि दोरावर असते. उतार आला की आधी मागचा दोर ताणून धरतात. ओढण्यापेक्षा आवरणं अवघड, हे तिथे दिसतं. गाडीमागच्या ट्रॉलीचंही तसंच आहे. चढावर ती नुसती जड लागते, उतारावर मात्र गाडीला मागून ढकलायला लागते. हा सगळा जोर एका जोडावर येतो.

आता हा जोड कसा असतो ते बघू. त्याला टोबार म्हणतात. त्याचे दोन भाग. पहिला भाग म्हणजे बंपरच्या आत, गाडीच्या सांगाड्याला नटबोल्टांनी घट्ट बसवलेला आडवा लोखंडी बार. दुसरा भाग म्हणजे त्यातून मागे येणारी वाकडी मान आणि तिच्या टोकाचा गोळा. हा गोळा बहुतेक ठिकाणी ५० मिलिमीटरचा, म्हणजे लहान लिंबाएवढा असतो. ट्रॉलीच्या दांड्याला उपडी वाटी असते. ती गोळ्यावर बसते आणि खटका लागतो. वळणावर, खड्ड्यात वाटी गोळ्यावर फिरते, पण सुटत नाही.

मान कायमची बसवलेली असते किंवा काढता येण्याजोगी. काढता येणारी का घ्यावी, हे मला आमच्या चाळीनं शिकवलं.

माझ्या दिरांनी जुनी गाडी घेतली, तिला मागे कायमचा हूक होता. चाळीच्या तोंडाशी गाडी लावली की हूक वाटेत वीतभर पुढे यायचा. एका संध्याकाळी जिन्याचा दिवा गेलेला. सासूबाई देवळातून परत येत होत्या. नडगी थेट त्या लोखंडावर आपटली. त्यांना साखरेचा आजार. ती जखम भरायला दोन महिने लागले. ट्रॉली आम्ही कधी जोडलीच नव्हती, हूक नुसता शोभेला होता! गिरगावातल्या वाड्या घ्या, परळच्या चाळी घ्या, नाहीतर तुमच्या गावातली बोळं घ्या. गाडी उभी असते तिथूनच पोरंबाळं आणि म्हातारी माणसं ये-जा करतात. शिवाय मागून कुणी धडकलं, तर पुढे आलेल्या हुकावरून तो मार सरळ सांगाड्याला बसतो.

माझी एक चुलत बहीण गिरगावात वाढली, आता इंग्लंडमध्ये असते. तिच्या गाडीला काढता येणारी मान आहे. काम झालं की ती मान काढून डिकीत ठेवते. तिकडे ट्रॉली नसताना गोळ्यामुळे नंबरप्लेट झाकली जात असेल तर मान काढावीच लागते. तिकडच्या नव्या गाड्यांना तपासून मान्यता मिळालेलाच टोबार चालतो, आणि त्या बारवर मान्यतेची पट्टी असते. पट्टीवर 'डी' आणि 'एस' अशा अक्षरांपुढे दोन आकडे असतात. 'डी' म्हणजे ओढीचा जोर किती सोसेल, 'एस' म्हणजे गोळ्यावर वरून किती किलो वजन चालेल.

हे वरून पडणारं वजन समजून घ्या, कारण चूक इथेच होते. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे लगेच कळेल. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते, बैलांच्या मानेवर ओझं येतं. ट्रॉलीचंही अगदी तसंच. उलाळ झाली तर ती गोळ्यावर वर ओढ घेते आणि वेगात शेपटीसारखी डोलायला लागते. धुरजड झाली तर गाडीचं मागचं अंग खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग नीट लागत नाही. म्हणून भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के वजन गोळ्यावर यावं. ट्रॉली आणि माल मिळून ४०० किलो असेल, तर २० ते २८ किलो. मात्र गाडीची आणि बारची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती मर्यादा पाळायची.

मोजायचं कसं? माणसांचा वजनकाटा सपाट जागी ठेवा. ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गाडीचा गोळा जितका उंच असतो, तितक्याच उंचीवर दांड्याचं टोक येईल असा लाकडाचा तुकडा काट्यावर उभा करून त्यावर वाटी टेकवा. दांडा आडवा, समतल हवा. काटा दाखवेल ते वजन. कमी भरलं तर पोती थोडी पुढे सरकवा, जास्त भरलं तर मागे. जड पोती चाकांच्या वर आणि तळाशी, हलके पापड वर.

आता निवड. सगळ्यात आधी गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढा. ती कपाटात पडलेली असते. तिच्यात ट्रॉली ओढण्याबद्दल लिहिलेलं असतं. कितीतरी लहान गाड्यांच्या पुस्तिकेत 'या गाडीनं ट्रेलर ओढू नये' असं साफ म्हटलेलं असतं. तसं असेल तर विषय तिथेच संपला. ओढता येत असेल तर किती किलो, ते बघा. ब्रेक असलेल्या ट्रॉलीचा आणि ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचा आकडा वेगळा असतो. इंग्लंडमध्ये ब्रेक नसलेली ट्रॉली मालासकट ७५० किलोच्या वर नको आणि गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहूनही जास्त नको, असा नियम आहे. म्हणजे १२०० किलोच्या गाडीमागे ६०० किलोच. पुस्तिकेतला आकडा त्याहून कमी असेल, तर पुस्तिकेचं ऐकायचं.

एक गैरसमज काढते. गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत जॅकजवळ एक आटे असलेली कडी असते. बंपरवरचं छोटं झाकण काढून ती फिरवून बसवतात. ती बंद पडलेली गाडी ओढून न्यायला. तिला ट्रॉली लावायची नाही. आणि बंद गाडी ओढतानाही दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरहून जास्त नको, मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा. इंजिन बंद असलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, हे त्याला आधी सांगून ठेवा.

दुसरी पायरी कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या बनावटीपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं गाडीपुढचे लोखंडी गार्ड काढायला राज्यांना सांगितलं, ते याच कलमाच्या आधारे. म्हणून बार घेण्याआधी आपल्या आरटीओत अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. आमच्यासाठी ते ताडदेवचं कार्यालय, तुमच्यासाठी तुमच्या जिल्ह्याचं. कायद्याच्या भाषेत ट्रॉली म्हणजे ट्रेलर. तिची स्वतःची नोंदणी लागते. घरगुती लोखंडी पेटीला दोन चाकं लावली म्हणजे ती रस्त्यावर आणता येते असं नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवता जोडली आणि अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी भांडण होतं, आणि तेव्हा गटाची शिल्लक पणाला लागते.

तिसरी पायरी बसवण्याची. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथे गेलात तरी 'कोणत्याही गाडीला बसेल' असा बार मागू नका. तुमच्या गाडीची कंपनी, मॉडेल आणि वर्ष सांगून त्याच गाडीसाठी केलेला बार घ्या. तो सांगाड्यात कंपनीनंच ठेवलेल्या भोकांत बसतो. बंपर तर हल्ली प्लॅस्टिकचा असतो, त्याला काय टांगणार? पातळ पत्र्यावर वेल्डिंग केलं की उष्णतेनं आजूबाजूचं लोखंड कमजोर होतं, रंग जळतो आणि पहिल्या पावसात आतून गंज धरतो. बाहेरून तो दिसत नाही.

माझ्या मामांनी असाच हूक लावून घेतला होता. घाट उतरताना तो पत्र्यासकट निघाला आणि ट्रॉली एकटीच चरात जाऊन पडली. आधीच्या चहाच्या टपरीपर्यंत त्या ट्रॉलीवर एक पोरगा बसून आला होता. टपरीवर उतरला म्हणून वाचला. ट्रॉलीत माणूस कधीही बसवायचा नाही, हे आमच्या घरात तेव्हापासून ठरलं.

बसवताना समोर उभ्या राहा आणि चार गोष्टी बघा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला आहे का? तो मजबुतीचा आकडा, आणि बारबरोबर आलेलेच बोल्ट वापरले पाहिजेत. बोल्ट मापाच्या पान्यानं आवळले का? ट्रॉलीच्या दिव्यांची वायर गाडीच्या वायरला नुसती पिळून चिकटपट्टी मारली, की वेगळा जोडसंच बसवला? नव्या गाड्यांत पिळलेल्या वायरीनं सगळी वीज बिघडते. आणि शेवटचं, सुरक्षा साखळी अडकवायला बारवर कडी आहे का? वाटी निसटलीच तर साखळी ट्रॉलीला धरून ठेवते. हजारेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा तपासून घ्या.

काढता येणाऱ्या मानेचे दोन प्रकार मिळतात. एक दोन बोल्टांचा, पान्यानं काढायचा. तो स्वस्त, पण वेळ खातो. दुसरा किल्लीचा. मान खोबणीत सरकवली की आवाज होऊन बसते. बऱ्याच बनावटींत नीट बसल्याशिवाय किल्ली बाहेर येत नाही आणि मुठीवर हिरवी खूण दिसते. तरीही हातानं मान गदागदा हलवून बघा. खोबणीत चिखल असेल तर ती अर्धवट बसते, म्हणून मान काढली की खोबणीला झाकण लावा. काढलेली मान फडक्यात गुंडाळून डिकीत बांधून ठेवा. मागच्या सीटवर मोकळी टाकलीत, तर जोराच्या ब्रेकला तो काही किलोचा लोखंडी तुकडा पुढे बसलेल्याच्या डोक्यात येईल.

निघण्याआधी दोघी जणी लागतात. एक गाडीत, एक मागे. ब्रेक, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, मागचे लाल दिवे, एकेक लावून बघा. साखळ्या दोन असतील तर दांड्याखाली फुलीसारख्या अडकवा. वळता येईल इतक्या सैल, पण जमिनीला न घासणाऱ्या. रस्त्यावर वेग कमी, पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट. घाटात आधीच खालचा गिअर. ट्रॉली डोलायला लागली तर घाबरून ब्रेक दाबू नका, वेगही वाढवू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरा. मागे घेताना ट्रॉली उलटीकडे वळते, ते आधी मोकळ्या मैदानात शिकून घ्या.

आता त्या ताईंच्या गटासाठी शेवटचं. वहीत दोन रकाने करा. एकात बार, ट्रॉली, नोंदणी, विमा, देखभाल. दुसऱ्यात वर्षभराच्या बाजारांचं टेंपोभाडं. आठवड्यातून एकदाच माल जात असेल, तर शेजारच्या गटाबरोबर वाटून घेतलेला टेंपो बहुधा स्वस्त पडेल, आणि जबाबदारी टेंपोवाल्याची. बेरीज ट्रॉलीच्या बाजूनं आली, तर पुस्तिका, आरटीओ, विमा आणि मगच बार, याच क्रमानं जा. बैठकीत हे मोठ्यानं वाचा, आणि गाडी ज्या ताईंची आहे त्यांच्या घरच्या चालवणाऱ्यालाही बोलावून घ्या. चाकामागे तोच बसणार आहे.

तुमच्या वहीतली बेरीज काय आली, ते चिठ्ठीनं नक्की कळवा.