२९ अंशांवरही बरं वाटतं

मे महिन्यातली दुपार. पनवेलमधल्या एखाद्या खोलीत तापमापी २९ अंश दाखवते आहे. आत बसलेल्या माणसाला उकडत असेल का? नुसत्या या आकड्यावरून ते सांगता येत नाही.

डेन्मार्कच्या पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये त्यासाठी एक गणित मांडलं. हवेचं तापमान, दमटपणा, वारा, भिंती-छताची धग, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल या सहा गोष्टींवरून माणसांना किती थंड वा गरम वाटेल, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. छताची धग म्हणजे काय, हे नवीन पनवेलमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना पुरतं ठाऊक आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत निवत नाही. फँगर यांचे प्रयोग मात्र बंदिस्त प्रयोगकक्षात झाले होते.

घरात माणूस गप्प बसत नाही. तो पंखा वाढवतो, पडदा ओढतो, सुती कपडे घालतो आणि हळूहळू ऋतूलाही सरावतो. हे सरावणं मोजायला अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी अहमदाबाद, बंगळूरु, चेन्नई, दिल्ली आणि सिमला इथली ऑफिसं गाठली. १६ इमारतींतून सहा हजारांहून अधिक उत्तरं गोळा झाली. त्यातून निघालेलं सूत्र सोपं आहे: बाहेरच्या तापमानाची गेल्या ३० दिवसांची सरासरी घ्या, ०.५४ ने गुणा, १२.८३ मिळवा. सरासरी ३० असेल तर उत्तर येतं २९. म्हणजे उघड्या खिडक्यांच्या इमारतीत तेवढ्यावर माणसाला ना गरम वाटतं, ना गार. गरजेनुसार एसी लावणाऱ्या इमारतींचं सूत्र वेगळं आहे. त्याच सरासरीला तिथे उत्तर येतं साधारण २६.

या तीन अंशांकडे बिल्डरांनी आणि वास्तुविशारदांनी गांभीर्याने पाहायला हवं. इमारत जशी असेल, तशी शरीराची अपेक्षा घडते. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही हा विचार स्वीकारला आहे.

पनवेल त्या पाहणीत नव्हतं. दमटपणाच्या बाबतीत त्याला त्यातल्या त्यात जवळचं चेन्नई. अशा हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून वाऱ्याला फार मोल आहे. कोकणातल्या कौलारू घरांची पडवी भिंतींवर ऊन येऊ देत नाही, आणि समोरासमोरच्या दारांतून वारा आरपार जातो. नव्या टॉवरमध्ये न उघडणारी काच बसवली की हा मार्गच बंद होतो. उरतो फक्त एसी. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर लावूनच विकले जातात, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. पण खोलीला दोन बाजूंनी खिडक्या, त्यांवर खोल छज्जे आणि गच्चीला पांढरा रंग असेल, तर वर्षातले कितीतरी दिवस एसी लावावाच लागणार नाही.