झोपेची गोळी आणि सैल पडलेला कासरा

उद्या पेपर. सकाळची पहिली एसटी धरून हट्ट्याहून वसमतला पोचायचंय. रात्रीचे दोन वाजले तरी डोळ्याला डोळा नाही. तेवढ्यात दोस्ताचा मेसेज येतो, ‘आजीच्या डब्यातली अर्धी गोळी घे, काही होत नसतंय.’

थांबा. गोळी घेण्याआधी दोन मिनिटं हे वाचा.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी बेंझोडायझेपिन गटातली औषधं. मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक रसायन पेशींना शांत करतं. ही गोळी त्या गाबाचा जोर वाढवते. म्हणून भीती कमी होते, अंग सैल पडतं, झोप येते. इथपर्यंत ठीक. पण मेंदूला सुस्त करणारी गोळी परत परत घ्यावीशी का वाटते? दारू, अफू यांसारखी तिचीही चटक का लागते?

उत्तर डोपामाइनमध्ये आहे. ‘हे भारी होतं, पुन्हा कर’ असा शेरा मेंदूत मारणारं हे रसायन. ते सोडणाऱ्या पेशी म्हणजे बैल समजा आणि त्यांना आवरणाऱ्या गाबा पेशी म्हणजे गाडीवान. २०१० मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या ख्रिश्चन ल्युशर यांच्या टीमने उंदरांवर केलेले प्रयोग ‘नेचर’मध्ये छापून आले. त्यात दिसलं, की गोळीचा मारा बैलांपेक्षा गाडीवानावर जास्त होतो. गाडीवानाला डुलकी लागते, कासरा सैल पडतो आणि बैल उधळतात. म्हणजे डोपामाइन वाढतं. तुम्हाला वाटतं आपण शांत झोपलो, पण आत मेंदू ‘पुन्हा घे’ हा धडा गिरवत असतो.

रोज घेत गेलं की मेंदूला सवय होते. अर्धीची एक होते, एकीच्या दोन. मग गोळीशिवाय झोपच येत नाही. अचानक बंद केली तर हात थरथरतात, घाबरं होतं, कधी फिटही येते. दारूसोबत घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

हे लांबचं नाही, राव. छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ आणि मालेगावात ‘कुत्ता गोळी’ या नावांनी नशेसाठी विकल्या जातात त्या याच गटातल्या गोळ्या. म्हणूनच २०१४ पासून यातली बरीच औषधं ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षं जपून ठेवावी लागते.

मग आजीची गोळी वाईट का? अजिबात नाही. डॉक्टरांनी तपासून, ठरावीक डोस ठरावीक दिवसांसाठी दिला, तर ते औषधच आहे. पण ती चिठ्ठी आजीच्या नावाची आहे, तुमच्या नाही.

आणि कुणी आधीच रोज घेत असेल, तर त्याला ‘आजपासून बंद कर’ असा सल्ला देऊ नका. डोस हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायचा असतो. बोलायला कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिला दोस्ताचा मेसेज. त्याला लिहा, ‘नको रे. जागाच आहेस तर फोन कर, जरा बोलू.’ एक रात्र झोप नाही झाली तरी पेपर देता येतो. सुटलेला कासरा परत हातात यायला मात्र फार दिवस लागतात.