विजेची शेगडी आणि घरांतील तार

धाराशिव जिल्ह्यांत तुराट्या, पळाट्या व गोवऱ्या यांवर पेटणाऱ्या चुलीशेजारीं आतां विजेची शेगडी येऊं लागली आहे. तिच्यामुळें गृहिणीची धुरापासून सुटका होते, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु शेगडी आणण्यापूर्वीं घरांतील तार तिचा भार सोसण्यास समर्थ आहे कीं नाहीं, हें पाहणारे शेतकरी बंधु थोडेच आढळतात.

२००० वॉटची शेगडी म्हणजे सुमारें पावणेतीन अश्वशक्तीचा भार. एवढ्या शक्तीचा पंप विहिरीवर बसवितांना आपण केबल पारखून घेतों. मग स्वयंपाकघरांत तीच दक्षता कां नसावी? वॉटच्या आंकड्यास २३० व्होल्टनें भागलें म्हणजे प्रवाह निघतो. या शेगडीचा प्रवाह ८.७ अँपिअर होतो. दिवे व पंखे यांच्यासाठीं ओढलेली १ चौरस मिलिमीटरची तार आणि तिच्यावरील ६ अँपिअरचा ब्रेकर या कामासाठीं योजलेलीं नसतात. साहजिकच ब्रेकर पडतो.

येथेंच घातक चूक होते. ब्रेकर हलका आहे असें समजून त्याच्या जागीं ३२ अँपिअरचा बसविला जातो. शेगडी चालूं लागते आणि सर्वांस समाधान वाटतें. वस्तुतः ब्रेकर हा शेगडीचा नव्हे, तर तारेचा राखणदार आहे. पाटाची जेवढी कुवत तेवढेंच पाणी सोडावें, हा आपला नित्याचा नियम; येथें पाट लहान ठेवून दारच मोठें केलें. प्रमाणित ब्रेकर आपल्या आंकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर तरी न पडतां सोसतो. म्हणजे शेगडीच्या जोडीस इस्त्री व पाणी तापविण्याचा हीटर लागून प्रवाह वाढला, तरी ३२ चा ब्रेकर ३६ अँपिअरपर्यंत स्वस्थ बसेल, आणि बारीक तार मात्र आंतल्या आंत तापत राहील. जुन्या माळवदाच्या घरांत अशी तार पुष्कळदां लांकडी तुळयांवरून गेलेली असते, हें ध्यानांत घ्यावें. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा व उमरगा भागांत बांधलेल्या घरांत मूळचीच तार असल्यास तिलाहि आतां तीस वर्षें होत आलीं.

योग्य रीत अशी. शेगडीसाठीं मुख्य फलकापासून स्वतंत्र तार ओढावी व तींत कोठेंहि जोड ठेवूं नये. २००० वॉटपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १६ अँपिअरचा ब्रेकर व १६ अँपिअरचाच तीन पिनांचा सॉकेट घ्यावा. दोन चुलींची ३५०० वॉटची शेगडी १५.२ अँपिअर घेते. तिला ४ चौरस मिलिमीटरची तार व २० अँपिअरचा ब्रेकर लावावा.

तारेचें रक्षण झालें, तरी माणसाचें होत नाहीं. त्यासाठीं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी निराळा बसवावा, आणि अर्थिंगची हिरवी तार खड्ड्यापर्यंत अखंड न्यावी. आपली मुरमाड जमीन उन्हाळ्यांत कोरडी पडली म्हणजे अर्थिंग दुबळें होतें. म्हणून खड्ड्यांत वेळोवेळीं पाणी घालावें. वीजबिलावरील मंजूर भार अपुरा असल्यास महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा, आणि हें सर्व काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवावें.

सारांश, आधीं तार, तिच्या मापानें ब्रेकर आणि शेवटीं शेगडी, हा क्रम सोडूं नये. शेगडीच्या किंमतींत तारेचा खर्च प्रथमपासूनच धरावा. आणि ब्रेकर पुनःपुन्हां पडूं लागल्यास तो बदलण्यापूर्वीं, तो कां पडतो, याचा शोध घ्यावा.