पुलाखालचे गाळे, पुलावरची बाग

व्यापारी कुटुंबात जुन्या वास्तूचा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. पेढी दुसरीकडे गेली, वखार ओस पडली, आता पाडावी की ठेवावी? घरातील वडीलधारे एक बोलतात, मुले दुसरे. पॅरिस शहरापुढे असाच प्रश्न आला होता, आणि तोही सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या एका रेल्वे पुलाच्या रूपाने.

१८५९ साली पॅरिसच्या बास्तीय चौकातून व्हॅन्सेन्नकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला. दाट वस्तीतील रस्ते अडू नयेत म्हणून तो दगड-विटांच्या कमानींवरून नेण्यात आला. पुढे हा मार्ग ब्री प्रांतापर्यंत वाढला. त्या भागात गुलाबाची शेती मोठी. ताजी फुले रेल्वेने राजधानीच्या बाजारात येत. रविवारी याच गाड्यांनी शहरातील कामगार कुटुंबे मार्न नदीच्या काठी सहलीला जात. शतकभर या पुलाने माल आणि माणसे इमानाने वाहिली.

मग काळ बदलला. उपनगरांसाठी नवी जलद रेल्वे आली आणि तिने व्हॅन्सेन्नपासून शहरात येण्यासाठी भुयारी वाट धरली. जुन्या मार्गावर अखेरपर्यंत वाफेचीच इंजिने धावत होती. १४ डिसेंबर १९६९ रोजी बास्तीय स्थानक बंद झाले. रुळांवर गवत माजले. कालपर्यंत शहराला उपयोगी पडलेला पूल एकाएकी अडगळ ठरला.

यानंतर एकाच मालमत्तेच्या दोन भागांचे नशीब वेगळे निघाले. बास्तीय स्थानकाची इमारत १९८४ मध्ये पाडण्यात आली. त्या जागी भव्य संगीतनाट्यगृह उभे राहिले आणि १९८९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पूल मात्र राखण्यात आला. उद्यानरचनाकार जाक व्हर्जेली आणि वास्तुविशारद फिलिप मॅथ्यू यांनी त्याच्या माथ्यावर बाग कल्पिली. रस्त्यापासून सुमारे दहा मीटर उंचीवर गुलाब, बांबू आणि लिंडेनची झाडे लावली गेली. १९९३ मध्ये ही वाट लोकांसाठी खुली झाली. पूल संपल्यावरही ती जुन्या रेल्वेमार्गानेच पुढे जाते. तिची एकूण लांबी साडेचार किलोमीटरांच्या आसपास भरते.

व्यापाऱ्याची नजर मात्र बागेपेक्षा खाली, कमानींकडे वळेल. पॅट्रिक बर्जे या वास्तुविशारदाने साठांहून अधिक कमानी स्वच्छ करून घेतल्या, त्यांना उंच काचेची दर्शनी बाजू दिली आणि प्रत्येक कमानीचा गाळा केला. शेजारचा सेंट आंत्वान हा भाग शतकानुशतके सुतारांचा आणि फर्निचर घडवणाऱ्यांचा. तोच धागा धरून गाळे हस्तव्यवसायांसाठी ठेवले गेले. व्हायोलिन घडवणारे, जुन्या चित्रांना व लाकूडकामाला नवजीवन देणारे, छत्र्या दुरुस्त करणारे कारागीर तिथे बसले. रस्त्याने जाणाऱ्याला काचेतून त्यांचे हात चालताना दिसत. त्यांच्या जोडीला विक्रीची दालने आणि उपाहारगृहेही आली.

न्यूयॉर्कमधील हाय लाइन या मालवाहू पुलावरून १९८० मध्ये शेवटची गाडी गेली होती. त्याच्या बचावासाठी झटणाऱ्यांपुढे पॅरिसचा हाच दाखला होता. २००९ मध्ये तिथेही बाग खुली झाली.

जुने ते सारे जपावे, असा याचा अर्थ नव्हे. पॅरिसनेही स्थानक पाडलेच. परंतु पाडण्यापूर्वी त्या शहराने वास्तूचे वय पाहिले नाही, तर तिच्यात अजून कोणते काम शिल्लक आहे ते पाहिले. स्थानकाच्या जागेची गरज दुसऱ्या कामाला होती. कमानी मात्र भक्कम होत्या, भर रस्त्यावर होत्या आणि आसपास हुन्नर जाणणारी माणसे होती. आपल्या घरातील बंद वखारीची किल्ली हाती घेताना हाच हिशेब आधी मांडावा. निर्णय कोणताही होवो, तो घाईचा ठरणार नाही.