पेट्रोल भरल्यानंतर मोटार अडखळल्यास

सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक शेतकरी भाजीपाला मोटारीने बाजारास नेतात. पेट्रोल भरताच उभ्या गाडीचे इंजिन थरथरू लागल्यास स्पार्क प्लग बदलण्यापूर्वी इंधनाकडे लक्ष द्यावे. अन्यथा पैसा व्यर्थ जातो.

प्रथम दोष किती वेळ टिकतो, हे पाहावे. दर वेळी टाकी भरल्यावर गाडी कष्टाने सुरू होऊन काही मिनिटांत सुरळीत चालत असेल, तर पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणारी झडप उघडी अडकली असण्याचा संभव असतो. पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावर टाकी काठोकाठ भरू नये. वाफ साठविणाऱ्या डब्यात पेट्रोल शिरते.

दोष टिकून राहिल्यास इंधनात पाणी किंवा डिझेल मिसळले असावे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांतही ते तयार होते. इथेनॉल थोडे पाणी सामावून घेते. पाणी अधिक झाल्यास मात्र दोन्ही एकत्र वेगळी होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनास इंधन तळातूनच मिळते. कृष्णाकाठी २०१९ प्रमाणे महापूर आल्यास बुडालेल्या गाडीची टाकी साफ केल्याखेरीज ती सुरू करू नये.

तपासणीसाठी मिस्त्रीकडून टाकीच्या तळातील थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून स्थिर ठेवावे. दोन थर दिसल्यास टाकी रिकामी करवावी. कागदावर टाकलेला थेंब वाळूनही तेलकट डाग उरल्यास भेसळीचा संशय घ्यावा. हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे. पंपाची पावती जपून ठेवावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा क्रम शेतकरी बंधूंस समजावून द्यावा.